डावीकडचा ठोका

बसा तिथे, त्या स्टुलावर. तुमच्या गाडीचं इंजिन निवल्याशिवाय मला हात घालता येणार नाही. तेवढा वेळ आहे आपल्याकडे. वीज गेली असली तरी हा जाळीचा दिवा बॅटरीवर चालतो. त्याच्या उजेडात माझं तोंड तुम्हाला दिसतंय ना, मग पुरे.

मघाशी तुम्ही सहज म्हणालात, "मी मागे डिक्कीत पडून ऐकतो, तुम्ही गाडी चालवा, म्हणजे खडखड नेमकी कुठून येते ते कळेल." मी नाही म्हणालो आणि जरा तुटकच म्हणालो. तुम्हाला ते लागलं असेल. लागायलाच हवं, गिऱ्हाइकाशी असं बोलू नये. पण कारण ऐकून घ्या, मग हवं तर रागवा.

गाडीचा आवाज शोधणं भलतं फसवं काम असतं. मागच्या चाकाचा ठोका पुढच्या सीटखाली ऐकू येतो, उजवीकडचा डावीकडे. पत्रा आवाज घेऊन कुठल्या कुठे पळतो. म्हणून पूर्वी आम्ही हे काम दोघांनी करायचो. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे पडून पत्र्याला कान लावायचा. मागच्या माणसाच्या हातात एक पाना. तो आतून पत्र्यावर ठोकून पुढच्याला सांगणार. एक ठोका म्हणजे चालू दे, दोन म्हणजे हळू घे, तीन म्हणजे थांब.

ही पद्धत माझ्या मेहुण्याची. बायकोचा थोरला भाऊ. हा धंदाही मला त्यानेच शिकवला. सगळे त्याला कानसेन म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. गाडी फाटकातून आत येतानाच तो सांगायचा की अमुक बोल्ट ढिला आहे. त्याची एक दाढ किडकी होती आणि दातांच्या डॉक्टरला तो भ्यायचा, म्हणून गालात कायम लवंग धरलेली असायची. मला तो जावईबापू म्हणायचा. गिऱ्हाईक समोर असलं की त्याला जास्तच चेव यायचा. "आमच्या जावईबापूंचे कान सोन्याचे आहेत," म्हणायचा. "दागिना म्हणून छान. ऐकायला उपयोग नाही."

सगळे हसायचे, मीही हसायचो. पण एकच थट्टा नऊ वर्षं ऐकली की ती थट्टा राहत नाही.

तेरा वर्षांपूर्वी कानसेन गाडीत गेला. मी चालवत होतो, तो मागे पडला होता. धुराच्या नळीला वरच्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी चीर गेली होती आणि डिक्कीच्या तळाचं एक रबरी बूच निखळलं होतं. धूर सगळा आत. मी दार उघडलं तेव्हा तो गाल पत्र्याला लावून पडला होता, अजून ऐकत असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले की त्या वायूने माणसाला गुंगी येते, पुष्कळदा काही कळतही नाही. मी म्हणालो, असंच झालं असणार, कारण त्याने ठोकलंच नाही. ठोकलं असतं तर मी थांबलो नसतो का? मी सगळ्यांना हेच सांगितलं. बायकोलाही हेच. तेव्हापासून ती म्हणते, "दादा झोपेत गेला." त्या वाक्यावर तिने बारा वर्षं काढली.

हे नीट लक्षात ठेवा. आता गेल्या वर्षीचं सांगतो.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलं पडलं होतं. एक उंच, चौकोनी, जुनी डिझेल गाडी आत आली. गडद हिरवी, वीसेक वर्षांची. एकेकाळी अशा गाड्या पैशाला पासरी होत्या, आता क्वचित दिसतात. उतरल्या त्या पन्नाशीच्या बाई होत्या. पियानोचे सूर जुळवून देणं हा त्यांचा व्यवसाय. घरोघरी, शाळांतून, सभागृहांतून त्या हिंडायच्या, आणि पियानोचे सुटे भाग ने-आण करायला त्यांनी दोन वर्षांपूर्वी ही गाडी घेतली होती.

"मागून आवाज येतो," त्या म्हणाल्या. "ठक, ठक, ठक. घेतल्यापासून येतोय. सहा गॅरेजं झाली."

"काय काय बदललं?"

"शॉकॲब्सॉर्बर, रबरी बुश, आणि डाव्या चाकाजवळची ती जोडदांडी, लिंक म्हणतात ती. लिंक तर सहाही वेळा. गाडीबरोबर जुन्या कागदांची फाईल आली आहे. जो तो ती उघडतो आणि आधी लिंकच बदलतो. बघता का फाईल?"

"नको," मी म्हणालो. दुसऱ्या मेकॅनिकची चिठ्ठी वाचून दुखणं सांगायचं म्हणजे शेजारच्या मुलाची वही बघून गणित सोडवणं. मला तो कमीपणा वाटायचा. त्या दिवशी तो कमीपणा घेतला असता तर गाडीला हातही लावला नसता.

"खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "तो गाडीचा आवाज नाही."

"मग कुणाचा?"

"ते तुम्ही सांगायचं. मला एवढंच कळतं की गाडीचा आवाज चाकाबरोबर पळतो. वेग वाढवला की भरभर, कमी केला की सावकाश. हा वेगाचं ऐकत नाही. आधी तीन-तीन येतात, चांगले जोरात. मग त्यातला जोर जातो. मग दोन. मग एक. मग बराच वेळ काहीच नाही." त्यांनी हातातल्या किल्लीने टेबलावर ते वाजवून दाखवलं. "हा आवाज दमतो."

माझ्या मानेवर काटा आला. पण आमच्या धंद्यात घाबरलेला मेकॅनिक कुणाला नको असतो. मी म्हणालो, "बाई, लोखंडही दमतं."

गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घेतली. खाली उतरून एकेक जोड पहारीने हलवून पाहिला. सगळं घट्ट. डावी लिंक तर कोरी करकरीत होती. मग मी माझं आवाज शोधायचं यंत्र काढलं. सहा चिमटे असतात, प्रत्येकाला छोटा माईक. ते खाली सहा ठिकाणी लावायचे, हेडफोन घालायचा आणि गाडी चालवत ऐकायचं. कानसेन गेल्यावर मी सगळ्यात आधी हे यंत्र घेतलं. म्हणजे मागे कुणाला पडावं लागणार नाही.

बाई शेजारी बसल्या, मी चालवायला. तिसऱ्या गतिरोधकापाशी त्यांनी बोट वर केलं. "हा."

हेडफोनमध्ये काही नव्हतं. सहाही चिमट्यांत नुसती टायरची घरघर. मी हेडफोन काढला आणि मग मलाही ऐकू आलं. ठक, ठक, ठक. अगदी स्पष्ट. हेडफोन घातला की गायब. याचा अर्थ एकच होत होता. आवाज गाडीखालून येत नव्हता. आतून येत होता, आमच्या पाठीमागच्या बंद भागातून.

तो भाग बाईंनी स्वतःच्या सोयीने बदलून घेतला होता. सीटच्या मागे जाड प्लायवूडची फळी उभी ठोकून डिक्की वेगळी केलेली. आतून सगळीकडे, काचांवरसुद्धा, लोकरीच्या फेल्टचं जाड अस्तर. मध्ये एक आडवी फळी, तिच्यावर पियानोच्या तारांची भेंडोळी. पियानोच्या आतले हातोडे धक्क्याने बिघडतात म्हणून एवढा थाट. आम्ही त्यातलं होतं नव्हतं ते हलवून, आवळून पाहिलं. वाजण्यासारखं काही नव्हतं.

"मी मागे पडते," बाई म्हणाल्या. "तुम्ही चालवा. माझा कान चांगला आहे."

"नाही," मी म्हणालो. एवढ्या जोरात म्हणालो की त्या एक पाऊल मागे सरकल्या. मग मी आवाज उतरवला. "मी पडतो. तुम्ही चालवा."

का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. मी स्टिअरिंगवर आणि मागे दुसरं कुणीतरी, हे मला या जन्मात जमणार नव्हतं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. मी धुराची नळी पुढपासून मागपर्यंत हाताने चाचपली. इंजिन चालू ठेवून नळीचं तोंड चिंधीने दाबलं आणि कुठून फुसफुस येते का ते पाहिलं. नळी दीड वर्षापूर्वीच बदललेली, एक टाचणीएवढं भोक नव्हतं. तळाची बुचं सगळी जागेवर. मग मी सवयीने खिसे रिकामे केले. पडून काम करायचं तर मोबाईल, चाव्या, घड्याळ टेबलावर ठेवायचं हे अंगवळणी पडलेलं. हातात फक्त सतराचा पाना घेतला.

"गोदामांच्या मागचा रस्ता घ्या," मी सांगितलं. "पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. अर्धा तास लागेल. आवाज आला तरी थांबायचं नाही, उलट येऊ द्यायचा, जितका येईल तितका. मी तीनदा ठोकलं तरच थांबायचं."

बाईंनी मागच्या दारावर हात ठेवला. ते दार फक्त बाहेरून उघडतं.

"तुमचे तीन ठोके आणि त्याचे तीन ठोके," त्या म्हणाल्या, "यातला फरक मी कसा ओळखू?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. हाच प्रश्न मी एकदा कानसेनला विचारला होता.

"माझ्या ठोक्याला वजन असतं," मी त्याचंच वाक्य म्हणालो. "कळेल तुम्हाला."

दार बंद झालं.

भरदुपारी इतका अंधार मी पाहिला नव्हता. फेल्टमुळे फटीतूनही उजेड येत नव्हता. डोकं दाराकडे, डावीकडे वळलेलं. छातीवर वीतभर अंतरावर ती आडवी फळी. कुशीवर वळता येत होतं, उठून बसता येत नव्हतं. पायांशी हातोड्यांनी भरलेलं अवजड खोकं, त्यामुळे सीटमागची फळी माझ्या पावलांपासून हातभर लांब राहिली. लोकरीचा कोंदट वास. गाडी निघाली. इंजिन फार लांब कुठेतरी चालल्यासारखं वाटत होतं.

पहिला गतिरोधक गेला. दुसरा गेला. मी पत्र्याकडे कान लावून पडलो होतो आणि मला, खोटं कशाला बोलू, थोडं बरंच वाटत होतं. इतक्या वर्षांनी पुन्हा तेच काम.

तिसऱ्या गतिरोधकानंतर ठोके पडले.

ठक, ठक, ठक.

माझ्या कानाला लागून. डाव्या बाजूला, फेल्टच्या मागे. मी श्वास धरून ऐकत राहिलो. पुन्हा तीन. ते पत्र्यावर पडत होते, लोखंडावर लोखंड, आणि ज्या बाजूने पडत होते ती आतली बाजू होती. म्हणजे माझी.

मी फेल्टची कड नखाने उचकटली आणि आत हात घातला. गार पत्रा. त्यावर खळगे होते. बोटाने एकेक लागत गेले. लहान, अर्धगोल, एकाशेजारी एक. पान्याच्या गोल तोंडाने पत्रा ठोकला की नेमका असाच खळगा पडतो. मी हातातला पाना त्यातल्या एकाला लावून पाहिला.

बसला.

मग मला लवंगेचा वास आला.

मी सांगितलं ना, गाडी हिरवी होती. तेरा वर्षांपूर्वीची ती गाडी पांढरी होती. नंतर मालक ती घेऊन गेला, दुसऱ्या गावी विकली म्हणून ऐकलं. नंबर बदलला असणार, रंग बदलला, माणसं बदलली. पत्रा मात्र तोच होता. मी त्याच जागी पडलो होतो, डोकं त्याच कोपऱ्यात.

मी पाना उचलला आणि तीनदा ठोकलं. पूर्ण ताकदीने. गाडी थांबली नाही. पुन्हा तीनदा ठोकलं. गाडी तशीच चालत राहिली, उलट बाईंनी वेग किंचित वाढवला. का, ते मला कळत होतं. मीच सांगितलं होतं, आवाज येऊ द्या, जितका येईल तितका. त्या पुढे बसून एकचित्ताने ऐकत असणार आणि मनात म्हणत असणार, आला, आज छान येतोय.

मी ओरडलो. फेल्टने आवाज पिऊन टाकला. दाराला खांदा दिला, खोक्याला लाथा मारल्या. खोकं हललं नाही. डोकं जड व्हायला लागलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणका, जीभ जाड, आणि एक गोड गोड गुंगी. मला ठाऊक होतं हे कसलं लक्षण आहे. आणि हेही ठाऊक होतं की नळीला भोक नाही, बुचं जागेवर आहेत, मी स्वतःच्या हाताने पाहिलंय.

मी पुन्हा तीनदा ठोकलं. हाताला जोर नव्हता. मग दोनदाच जमलं. मग पाना हातातून निसटला आणि अंधारात कुठेतरी सरकत गेला.

ठोके थांबले नाहीत.

"दादा..." मी म्हणालो. बायको म्हणते म्हणून मीही त्याला समोर दादाच म्हणायचो. "दादा, तू आहेस का..."

ठक.

एक ठोका. चालू दे.

आता ऐका. जे मी बारा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते त्या पेटीत मला स्वतःला सांगावं लागलं. कानसेनने ठोकलं होतं. मी ऐकलं होतं. त्या दिवशी पाचव्या गतिरोधकानंतर मागून डावीकडून तीन ठोके आले, इतके सुरेख, इतके स्वच्छ, की मी खूश झालो. नऊ वर्षांत पहिल्यांदा मला गाडीचा आवाज स्वतःच्या कानांनी सापडला होता. मागे कान लावून पडलेल्या कानसेनच्या आधी. तो थांब म्हणत असेल हे मनात आलं नाही, असंही नाही. आलं होतं. एकदा आलं होतं. पण मला वाटलं, आत्ता थांबलो तर तो उतरून म्हणेल, जावईबापू, डावी लिंक आहे, तुम्हाला ऐकू आलं का? मला ते आधी म्हणायचं होतं. म्हणून मी चालवत राहिलो आणि स्टिअरिंगवर बोट आपटत ठोके मोजत राहिलो. तीन. तीन. तीन. तीन. मग जोर गेला. मग दोन. आवाज मंदावला, कारण रस्ता सपाट लागलाय, असं मी ठरवलं. गाडी गॅरेजसमोर आणली आणि दार उघडण्याच्या आधी, चालकाच्या सीटवर बसून, वहीतला कागद फाडून दुखणं लिहिलं. त्याला दाखवायला म्हणून.

"मी ऐकलं होतं," मी त्या अंधारात म्हणालो. "दादा, तू ठोकलंस. मी ऐकलं होतं. मला कळलं होतं..."

ठोके बंद झाले.

सगळं इतकं शांत झालं की मला कुणाचातरी श्वास ऐकू येऊ लागला. माझा नव्हता. माझा मी धरून ठेवला होता. मग श्वास माझ्या कानापासून दूर गेला, पायांच्या दिशेने, सरपटत. लवंगेचा वास त्याच्याबरोबर सरकला. खोक्यापलीकडे, जिथे माझं पाऊल पोचत नव्हतं तिथे, फळीवर तीन ठोके पडले.

ब्रेक लागला. माझं डोकं पत्र्यावर आपटलं. बाहेर दाराचा आवाज, धावती पावलं, आणि मग ऊन. एवढं ऊन की मी डोळे मिटून रस्त्यावर पडलो आणि ओकलो.

बाईंनी मला गोदामाच्या भिंतीला टेकून बसवलं, पाणी दिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"किती वेळ ठोकत होतो मी..." मी म्हणालो.

"तुम्ही ठोकत होतात?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तोच. अगदी तोच सूर होता हो. तीन-तीन, मग दोन. दोन वर्षं ऐकतेय, मला कसं कळणार? शेवटी तुम्ही माझ्या पाठीमागे, फळीवर ठोकलंत, तेव्हा कळलं. सीटला हादरे बसले."

"फळीवर मी नाही ठोकलं," मी म्हणालो. "तिथे माझा हात पोचत नाही."

त्या उठून गाडीतून फाईल घेऊन आल्या. सकाळी मी त्यांना गाडी दुरुस्तीला ठेवून घेतल्याची पावती लिहून दिली होती, तीही हातात होती. दोन्ही माझ्यासमोर धरलं. फाईलमधला कागद रेघांच्या वहीतला, पिवळा पडलेला. त्यावर एकच ओळ होती. *मागून डावीकडे ठोका येतो. लिंक बदलणे.*

"अक्षर एकच आहे," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी गाडीतच राहिलेली माझी चिठ्ठी सहा गॅरेजवाल्यांनी वाचली होती आणि माझ्या शब्दाखातर ती लिंक बदलली होती. पुन्हा पुन्हा. तिथे भिंतीला टेकून मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही "अरेरे" म्हटलं नाही, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. फक्त शेवटी म्हणाल्या, "घरी सांगितलंत का?"

मी मान हलवली. नाही.

"मग आज सांगा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला सोडते. पुढे बसा."

मी घरी पोचलो तेव्हा बायको धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मला इतक्या लवकर आलेलं पाहून तिने चादर बाजूला ठेवली.

"अहो, काय झालं? कपाळाला काय लागलं?"

मी तिच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसलो. वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती. तोंडातून एकच निघालं.

"दादाने ठोकलं होतं."

ती उभी होती ती खाली बसली. बराच वेळ तिने चादरीच्या काठावरचा एक धागा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निघून जा म्हणेल. मी ते सगळं ऐकून घ्यायला बसलो होतो.

"किती वेळा?" तिने विचारलं.

"पंधरा ठोके. तीन-तीन चारदा. मग दोन. मग एक." मी मोजले होते ना. तेवढ्यासाठी मोजले होते, बघा. "मला कळलं होतं गं. मी थांबलो नाही."

"हो," ती म्हणाली. "पंधराच."

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"रोज येतात," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध उतू गेलं हे सांगावं इतका साधा. "तुमचा डोळा लागला की पलंगाच्या उशाच्या फळीवर. डाव्या बाजूला. दादा गेला त्या आठवड्यापासून. तीन, तीन, तीन, तीन, मग दोन, मग एक. तेव्हाच मला कळलं की तो झोपेत नाही गेला. म्हटलं, तुम्ही सांगाल आज ना उद्या. मग वर्षं गेली."

"मी झोपेत ठोकत असेन," मी म्हणालो. "मनात राहिलेलं असतं, माणूस झोपेत करतो तसं... हात आपटत असेन मी."

"मलाही आधी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी तुमचे दोन्ही हात धरून झोपते."

ते खरं आहे. बारा वर्षं ती माझे दोन्ही हात धरून झोपत होती आणि मी तिला प्रेमळ समजत होतो. तिच्या दुःखाला माझा आधार लागतो असं समजत होतो, इतका मी शहाणा.

तिने मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. तिच्या भावाचा फोटो तिने त्या दिवशी भिंतीवरून उतरवला, पुसला आणि पुन्हा लावला, एवढंच केलं. महिन्याभराने पियानोवाल्या बाईंचा फोन आला. गाडीतला आवाज बंद झाला होता, त्या दिवसापासून एकदाही आला नव्हता. मी म्हणालो, बरं झालं. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे?"

मी बायकोला विचारलं. "बंद झाला," ती म्हणाली. "त्या रात्रीपासून नाही." मला बरं वाटलं. अजून वाटतं, दिवसा.

चला, तुमचं इंजिन निवलं असेल. दिवा जरा इकडे धरा. आवाज मी खाली चिमटे लावून शोधतो, दोन तास लागले तरी चालतील. मला घरी जायची घाई नाही. आवाज बंद झालाय असं ती म्हणते, आणि ती कधी खोटं बोलत नाही. पण वर्ष झालं, रात्री माझे हात तिने अजून सोडलेले नाहीत.